एक्झिट म्हात्रे

म्हात्रेभाऊ कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी बाहेर पडायची वाट विचारतात. घाई असते म्हणून नव्हे. चांगले ऐसपैस बसतात, चहा घेतात, दुसऱ्यांदा विचारलं तर दुसऱ्यांदाही घेतात. पण आधी, चपला काढता काढता, मान लांब करून आत बघतात. "मागनं दार हाय ना? उघडतं ना?" उघडतं म्हणून सांगितलं तरी त्यांचं समाधान होत नाही. स्वतः जाऊन, कडी काढून, परसातली केळ बघून येतात आणि मगच खुर्चीला टेकतात.

एकदा एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या यांच्या समोर आला तो नेमका नवरदेव, मुंडावळ्या बांधलेला. अक्षता पडायला थोडाच वेळ होता. यांनी त्यालाच विचारलं, "काय रे, हितनं बाहेर पडायची वाट कुठं हाय?" तो बिचारा दबक्या आवाजात म्हणाला, "काका, सापडली तर मलापण सांगा." मुलीचे वडील मागेच उभे होते. ते अजून म्हात्रेभाऊंशी बोलत नाहीत.

आमच्या गावात म्हात्रे पुष्कळ. नुसतं "म्हात्रे" म्हणून हाक मारली तर अर्धी आळी वळून बघते. म्हणून प्रत्येकाच्या मागे काहीतरी शेपूट लावलेलं आहे. बर्फवाले म्हात्रे, डंपरवाले म्हात्रे, मास्तर म्हात्रे, आणि आमचे हे एक्झिट म्हात्रे. त्यांना त्याचा राग नाही. उलट स्कूटरच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतःच हिरव्या अक्षरांत "एक्झिट" रंगवून घेतलंय, त्यामुळे त्यांच्या मागून जाणारे पाहुणे लोक त्यांना समुद्राकडे जायचा रस्ता विचारतात.

मी त्यांची शेजारीण. आमचं गाव अलिबागच्या खालच्या अंगाला, समुद्राच्या कडेला. दोन घरांच्या मध्ये एक कुंपण आणि एक जांभळाचं झाड. मी खानावळ चालवते. मदतीला रंजना आहे. ती भाकऱ्या थापते, मासे साफ करते आणि न विचारता मत देते. तिन्ही कामं ती सारख्याच झपाट्यानं करते.

म्हात्रेभाऊंचं काम दारांचं, पण ते सुतार नाहीत. बोट टेकवलं की उघडणारी, कार्ड दाखवलं की उघडणारी, आकडे दाबले की उघडणारी जी दारं हल्ली निघाली आहेत, त्यांच्या वायरी ते जोडतात. पूर्वी साधी घरगुती फिटिंग करायचे, लग्नाच्या मांडवात दिव्यांच्या माळा सोडायचे. मग आमच्या किनाऱ्यावर मुंबईकरांचे बंगले उगवले आणि किल्ली मागे पडली. मुंबईकर किल्ली घरी विसरून येतो, बोट विसरत नाही.

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनीच एकदा माझ्या ओट्यावर पातेलं आणि झाकण घेऊन समजावलं. चौकटीला वरच्या बाजूला चुंबक, दाराला लोखंडाची पट्टी. करंट चालू आहे तोवर चुंबक पट्टी धरून ठेवतो, कितीही ओढा, सुटत नाही. बाहेरच्यानं कार्ड दाखवलं की करंट तुटतो आणि दार सुटतं. आतल्याला बाहेर यायचं असेल तर भिंतीवर एक बटण असतं, तो एक्झिट स्विच. शिवाय एक पांढरी डबी चौकटीवर आणि तशीच एक दारावर, दोघी अगदी समोरासमोर. दार उघडलं, डब्या एकमेकींपासून लांब गेल्या, की यंत्राला कळतं. तो सेन्सर.

"म्हंजे शेजारनी," रंजना पीठ मळता मळता म्हणाली. "एक हालली का दुसरीला लगेच खबर."

म्हात्रेभाऊंना हे इतकं आवडलं की त्या दिवसापासून ते सेन्सर मागवताना दुकानदाराला फोनवर "शेजारणींचे पाच जोड पाठव" असं सांगतात.

आता कुठलाही वायरमन आधी बाहेरची बाजू करतो. गिऱ्हाईकाला तीच दाखवायची असते. बोट टेकवलं, कुलूप उघडलं, सगळे खूश. म्हात्रेभाऊ आधी आतलं बटण बसवतात. ते चालल्याशिवाय बाहेरच्या यंत्राचं खोकंसुद्धा फोडत नाहीत. "आत येनाऱ्याला विचारा की कोन तू, कशाला आलास. बाहेर जानाऱ्याला काय विचारायचं? तो चाल्लाच की." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. आणि हे बटण ते बसवतात कमरेच्याही खाली. सगळीकडे खांद्याच्या जवळपास असतं, यांचं खाली. बंगलेवाल्या बाया नाकं मुरडतात, भिंत विचित्र दिसते म्हणतात. हे ऐकत नाहीत. "पडलेल्या मानसाचा हात पोचाय पायजे," एवढंच म्हणतात आणि ड्रिल सुरू करतात. त्या आवाजात पुढचं भांडण होऊच शकत नाही.

काम संपलं की टेस्टिंग. टेस्टिंग म्हणजे ज्यानं दार बसवून घेतलं त्याला स्वतःला आत कोंडायचं. त्याचा नोकर चालत नाही, ड्रायव्हर चालत नाही. म्हात्रेभाऊ बाहेर उभे राहणार, काही सांगणार नाहीत. आतल्यानं बटण शोधायचं, दाबायचं आणि आपल्या पायांनी बाहेर यायचं. दार उघडलं की म्हात्रेभाऊ, तो माणूस जणू लांबच्या गावाहून पाहुणा आलाय अशा थाटात, दोन्ही हात जोडून म्हणतात, "या!" आणि शर्टाच्या खिशातून खडीसाखरेचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवतात. मग काम पुरं झालं. खडीसाखर दिल्याशिवाय ते पैसे घेत नाहीत.

शेजारच्या गावात एका पतसंस्थेचं काम होतं. तिथल्या चेअरमनना वेगळंच हवं होतं. कर्मचारी चहाला किती वेळा उठतात हे कळावं म्हणून बाहेर जातानाही कार्ड दाखवायचं, बटण नकोच. म्हात्रेभाऊंनी कार्डाचं यंत्र बसवलं आणि बटणही बसवलं. चेअरमन चिडले, पण करतात काय. त्यांनी बटण दिसू नये म्हणून त्यावर आपल्या सत्काराचा फोटो टांगून टाकला, चांगला दोन हात लांब, फेटा, शाल, नारळ सगळं त्यात. मग टेस्टिंगची वेळ आली. चेअरमन आत, दार बंद. आणि कार्ड राहिलं बाहेर कोटाच्या खिशात. मग आतून दारावर धपाधप. बाहेर सगळा स्टाफ जमला, पण एकाच्याही चेहऱ्यावर घाई नव्हती. म्हात्रेभाऊ दाराच्या फटीपाशी तोंड नेऊन शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमचा सत्कार उचला. त्याच्या मागंच हाय."

चेअरमन बाहेर आले तेव्हा म्हात्रेभाऊंनी हात जोडून "या!" म्हटलं, खडीसाखर दिली. पुढचं काम त्या पतसंस्थेनं दुसऱ्याला दिलं. अशी त्यांची कितीतरी गिऱ्हाईकं तुटली आहेत. एका बंगलेवाल्यानं गड्याच्या खोलीला बाहेरून कुलूप आणि आत काही नको असं सांगितलं, तर यांनी निम्मं बसवलेलं काम उचकटून वायरी गुंडाळल्या आणि निघून आले. त्या दिवशी माझ्याकडे जेवायला बसले पण ताटातलं चिवडत राहिले. मी म्हटलं, अहो, तुम्ही नाही म्हणालात ना, झालं तर मग. ते म्हणाले, "मी न्हाय बोललो. दुसरा कोन व्हय बोलंल."

माझ्याही कोठीच्या खोलीला त्यांनी दार बसवून दिलंय. कारण एक बोका. सुके बोंबील, सोडे, वाकट्या, काही म्हणून ठेवायची सोय राहिली नव्हती. दार आपोआप बंद होणारं, चुंबकवालं, आत बटण. खाली, अर्थातच. पहिल्याच आठवड्यात बोका माझ्या पायांतून आत शिरला, दार लागलं आणि तो अडकला. मी म्हटलं, राहू दे जरा, अद्दल घडेल. म्हात्रेभाऊ तेव्हा समोरच चहा पीत होते. आत डबे पडल्याचा आवाज, मग धप्प, मग टक् करून दार सुटलं. बोका तोंडात बोंबील घेऊन बाहेर. आत उड्या मारताना त्याचा पाय बटणावर पडला होता. मी लाटणं शोधतेय तोवर हे गृहस्थ कप खाली ठेवून उभे राहिले, हात जोडले आणि बोक्याला म्हणाले, "या!" खडीसाखर मात्र दिली नाही. त्याच्या तोंडात आधीच बोंबील आहे, म्हणाले.

माणसांचेही त्यांनी दोन प्रकार पाडलेत, एनओ आणि एनसी. त्यांच्या धंद्यातले हे शब्द. एनओ म्हणजे एरवी उघडं, एनसी म्हणजे एरवी बंद. त्यांच्या बायकोला, सुनंदाला, ते एनओ म्हणायचे. मला एनसी. "ताई, तुम्ही एनसी. एरवी बंद. पन कारन पडलं का उघडता." मी लाटणं दाखवलं की म्हणतात, "बगा, बंद."

सुनंदाबद्दल सांगायला हवं. ती खरंच उघड्या दाराची बाई होती. म्हात्रेभाऊंनी आपल्या घराच्या दाराला पहिल्यापासून सेन्सर लावलेला आहे, दार उघडलं की आत "टिंग" वाजतं. टिंग वाजलं की सुनंदा कुठेही असली, चुलीपाशी, परसात, तरी कोण आलंय ते न बघताच ओरडायची, "या!" नवरा आला तरी या, भिकारी आला तरी या, वाऱ्यानं दार हललं तरी या. माझ्या घरी ऐकू यायचं. मला कधी कधी कटकट वाटायची.

एकदा ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. आतून कडी. म्हात्रेभाऊ घरातच होते. ती आत कण्हतेय, तिचा हात कडीपर्यंत पोचत नाही, आणि हे बाहेर. शेवटी पहार घालून दार फोडलं. पाय मोडला होता, बाकी ती ठणठणीत. महिनाभर आल्यागेल्याला हसत सांगायची, "दार फोडलं त्ये बरं केलं वो, पन पानी गेलं ना थंड होऊन." म्हात्रेभाऊ मात्र हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या कड्या उपटल्या. बटण खाली बसवायचं वेड तेव्हापासूनचं. सुनंदा त्यानंतर पुष्कळ जगली, तिच्या पायाचं आणि पुढच्या आजारपणाचं काही नातं नव्हतं. ती गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि ते दार दिवसभर उघडंच असल्यामुळे टिंग वाजलंच नाही.

मग तेरावं झालं, माणसं गेली. एका संध्याकाळी मी कुंपणापाशी कढीपत्ता तोडत होते. स्कूटर थांबली. टिंग. आणि आतून आवाज आला, "या." मी दचकलेच. म्हटलं, पाहुणं कोण आलंय यांच्याकडे? थोडा वेळ गेला आणि तोच आवाज म्हणाला, "आलो."

दोन्ही म्हात्रेभाऊच होते. रोज तेच. टिंग, या, आलो. टेस्टिंगला हात जोडून "या" म्हणायला त्यांनी त्याच सुमारास सुरुवात केली. 

आमच्या गावाचं तर तुम्हांला ठाऊक असेल नसेल. शनिवार-रविवार माझ्याकडे पंगत उठता उठत नाही. सोमवारी सगळं सामसूम. संध्याकाळी समुद्राकडे निघालं तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना बंद बंगले आणि दारांवरचे लाल दिवे. रंजना म्हणते, "दार हाय, कुलूप हाय, मानूस न्हाय." खाऱ्या वाऱ्यानं वायरींची टोकं हिरवी पडतात, म्हणून म्हात्रेभाऊ आठवड्यातून एकदा सगळ्या बंगल्यांची फेरी करतात. म्हसळा, तळा, पाली इथली कामं त्यांनी हळूहळू सोडली, ही फेरी सोडली नाही. एकदा एका बंगल्यावर जेवणाची ऑर्डर होती म्हणून चूल बघायला मी त्यांच्याबरोबर गेले. मी अंगणात होते. ते रिकाम्या बंगल्यात गेले, दार लावून घेतलं, बटण दाबलं, बाहेर आले. व्हरांड्यात कुणी नव्हतं. त्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं, मग फडक्यानं सेन्सर पुसला आणि दार लावलं. मला फार वाईट वाटलं. पण मी एनसी. मी म्हटलं, चला, उशीर होतोय.

त्यांची मुलगी वैशाली डोंबिवलीला असते. ती मला फोन करायची. "मावशी, बाबा एकटे. पडले बिडले तर कुणाला कळणार? आईच्या वेळी ते होते तरी. त्यांच्या वेळी कोण आहे?" मी काय सांगणार. शेवटी ती स्वतः आली आणि त्यांना घेऊन गेली. कायमचे म्हणून गेले. स्कूटरवर ताडपत्री घातली, ती सुतळीनं बांधून ठेवली. मला हळदीचा डबा आणि उरलेले शेजारणींचे दोन जोड देऊन गेले.

पुढच्या पंधरवड्यात ताडपत्री निघालेली दिसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तिथं खाली लॉबी हाय. दाराला बटन न्हाय. वॉचमन बसतो, तो दाबतो तवा आपन बाहेर. तो जेवाय गेला का आपन काच बघत उभं. त्ये घर हाय का काय?"

मी म्हटलं, भाऊ, बटणासाठी कुणी लेकीचं घर सोडत नाही. खरं सांगा. ते जांभळाखाली पडलेली पानं पायानं गोळा करत राहिले. मग म्हणाले, "पोरगी चांगली हाय, जावई पन. सकाळी जातात, रात्री येतात, दमलेली असतात. तिथं पन मी एकटाच व्हतो, ताई. फक्त वर व्हतो, अकराव्या मजल्यावर."

वैशाली मागोमाग आलीच. माझ्या ओट्यावर दोघांची जुंपली. ती रडत होती. ती म्हणाली, "इथं काय झालं तर कळेल का कुणाला?" ते म्हणाले, "कळंल." ती म्हणाली, "कुणाला? नाव सांगा. एक नाव सांगा मला."  अख्ख्या गावातल्या दारांना म्हात्रेभाऊंचा हात लागलेला, आणि सांगायला एक नाव सापडेना. माझ्यानं बघवेना. मी भाकरी उलथता उलथता म्हटलं, "मला कळेल."

"कसं?" वैशालीनं विचारलं.

ते मला ठाऊक नव्हतं. पण म्हात्रेभाऊ उठून उभे राहिले होते आणि त्यांची नजर कुंपणापासून माझ्या स्वयंपाकघरापर्यंतचं अंतर मोजत होती.

पुढचे दोन दिवस काम चाललं. त्यांच्या दारावरच्या सेन्सरची वायर पाइपातून, जांभळाच्या बुंध्याला धरून, माझ्या मसाल्यांच्या फळीपर्यंत आणली. तिथं एक हिरवा दिवा. ते पहाटे उठून दार उघडतात आणि घरात असेपर्यंत ते उघडंच असतं. दार उघडं असलं की माझ्याकडे दिवा चालू, रात्री दार लावलं की बंद. सकाळी दिवा लागला म्हणजे म्हात्रेभाऊ उठले. नाही लागला तर मी जायचं. वैशालीच्या समाधानासाठी दाराला आकड्यांचं कुलूपही बसवलं, बाहेरून मला उघडता यावं म्हणून. तो आकडा मला दिला. आत एक्झिट स्विच, अगदी जमिनीलगत. वैशाली वडलांच्या पाया पडली, माझ्या पाया पडली आणि गेली.

दिवा रोज लागायचा. मी रोज बघायचे. बघायचे म्हणजे काय, डाव्या हाताला मिठाची बरणी आणि वर दिवा, दिसायचाच. चार-आठ दिवसांनी मी म्हटलं, "छान चाललंय हो तुमचं यंत्र. खडीसाखर द्या." त्यांनी मान हलवली. "टेस्टिंग राह्यलंय."

"रोज लागतो की."

"लागतो त्ये टेस्टिंग न्हाय, ताई. न्हाय लागला तर काय, त्ये टेस्टिंग."

मी म्हटलं, शुभ बोला, असलं बोलू नका, आणि कढी ढवळायला वळले.

मग एका मंगळवारी दिवा लागला नाही.

गावात चिटपाखरू नव्हतं. मी तव्यावर पहिली भाकरी टाकली आणि मिठाला हात घातला, तर वर अंधार. म्हटलं, उशिरा उठले असतील. भाकरी उलटली. परत वर बघितलं. तेवढ्यात रंजना आत आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "ताई, दिवा न्हाय?" तिनं तसं म्हटल्यावर मी धावतच सुटले. गॅस तसाच. कुंपणाच्या फटीतून जाताना पदर फाटला. हाताला पीठ, त्यामुळे कुलपावरचे आकडे दाबले की बोट घसरायचं, आणि लाल दिवा पुन्हा पुन्हा लागायचा. मी ओरडतेय, "भाऊ! अहो भाऊ!" मला सारखं ते न्हाणीघराचं दार आठवत होतं. मग मी आकडे सोडले आणि बाजूच्या खिडकीवर दोन्ही हात आपटले.

आत, दारासमोर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर म्हात्रेभाऊ बसले होते. अंघोळ झालेली, भांग पाडलेला. बाजूला स्टुलावर चहाचा थर्मास, पाण्याची बाटली, कामावर जाताना स्कूटरला बांधतात तो जेवणाचा डबा आणि पांघरायला शाल. हातात कप. खिडकीतल्या मला बघून कप तसाच राहिला.

"ताई?" ते म्हणाले. "एवढ्यात आलात?"

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझी आई कोळीवाड्यात वाढलेली, तिचं सगळं शब्दभांडार त्या दिवशी उपयोगी पडलं. माझं काळीज बंद पडलं असतं तर, म्हटलं, माझ्या दिव्याकडे कोण बघणार होतं?  माझा दम संपला तेव्हा माझी नजर पुन्हा त्या स्टुलावर गेली.

"आणि हे काय? डबा कशाला? शाल कशाला?"

"टेस्टिंग व्हतं," ते म्हणाले. मग कप खाली ठेवून, माझ्याकडे न बघता, "मी संध्याकाळ धरली व्हती. नायतर उद्याची सकाळ."

यावर मला शिवी सुचली नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या दारासमोर, कुणी येईल का हे बघायला बसलेला माणूस, आणि त्यानं अंदाज धरला होता उद्याचा. तो चहासुद्धा अजून निवला नव्हता. खिडकीच्या काचेतून त्याची वाफ दिसत होती.

"आकडा टाका ना," ते म्हणाले. "उघडंल."

"नाही," मी म्हटलं. "टेस्टिंग आहे ना? मग पुरं करा. तुम्ही आत, मी बाहेर. उठा. बटण दाबा आणि आपल्या पायांनी बाहेर या."

 ते खुर्चीचे हात धरून उठले. मी दारासमोर जाऊन उभी राहिले, ते उभे राहतात तशी. आत त्यांना वाकायला वेळ लागला, बटण फारच खाली बसवलंय त्यांनी. टक् झालं. दार सुटलं, टिंग वाजलं आणि म्हात्रेभाऊ उंबऱ्यात आले.

मी पिठाचे हात जोडले. "या," मी म्हटलं.

ते तिथंच थांबले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत, लपवले नाहीत. "आलो," म्हणाले. नेहमीसारखंच म्हणाले, पण या खेपेला आधीचं "या" त्यांना स्वतःला म्हणावं लागलं नव्हतं.

मग त्यांनी हात पुढे केला. "खडीसाखर?"

माझ्याकडे कुठून असणार.  त्यांनी शर्टाच्या खिशात बोटं घातली, एक खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मी तो उचलून त्यांच्या हातावर ठेवला. त्याला थोडं पीठ लागलं होतं.

कुंपणापलीकडून रंजनाचा आवाज आला, "ताई, दिवा लागला वो! आनि भाकरी जळाली!"